लुमाण्णाची दोरी

बसा की, हेरेकरबाबा. घोंगडं कोरडं आहे.
खानापुराहून चालत आलात, पायाला जळवा असतील,
चुलीतली राख लावा, सुटतात.
त्यांचं नाव मी घेणार नाही. तुमच्या कागदात असेलच:
खलाशी अमुक, पगार सहा रुपये, मयत.

वही मागता. वही कुठली?
अक्षराशी त्यांची ओळख नव्हती.
उठा मग, विहिरीवर चला.
त्यांनी लिहिलं ते रहाटाला लावलंय,
ही अंबाडीची दोरी.

बोट फिरवा. पहिली गाठ जांबोटीच्या वरची,
इथून जळवांचं राज्य.
दुसरी, जिथून वर शेकरू जमिनीला पाय लावत नाही.
तिसरी दुहेरी, कारण तिथे अस्वलीण पिलांसकट भेटली;
दोघांनी एकमेकांना वाट दिली म्हणे,
आधी कोण वळलं
ते मला कधी नीट सांगितलं नाही.

साहेबाकडे काचेची सळई होती.
माथ्यावर पाणी उकळायचं, सळई बुडवायची,
पारा जितका खाली, डोंगर तितका वर.
हे हसायचे. डोंगर समोर बसलाय
आणि विचारतात पाण्याला!

चोर्ल्याच्या दरडीवर ती सळई फुटली.
मुंबईहून दुसरी यायला वर्ष जाणार.
साहेब डोकं धरून बसला.
तेव्हा नऊ दिवस हे पुढे, साहेब मागे,
आणि उंची सांगत गेले ह्यांचे कान
(डावा नेहमी आधी वाजायचा),
कारवीची पेरं, आखूड होत जाणारी,
अंजनीचं खोड वाऱ्याने कुठल्या अंगाला सोललंय ते.
साहेबाने सगळं उतरवून घेतलं. काचेच्या नावावर.
पुढल्या साली नवी सळई आली,
फरक निघाला अकरा हात.
साहेब म्हणाला, काचच चुकत असेल.
एवढं एक बक्षीस त्यांनी घरी आणलं.

माझ्याशी बोलायचे तसेच कड्याशी बोलायचे,
थोडक्यात, पाठ टेकून.

ही बारीक गाठ आमच्या कणकुंबीच्या मागच्या धारेची.
भादव्यात एकदा मला नेलं होतं.
पाऊस चालू. हे धारेवर पालथे निजले,
डोकं उत्तरेला,
आणि पाठीवरचं पाणी
डाव्या कुशीने म्हादईला,
उजव्या कुशीने मलप्रभेला.
म्हणाले, बघ, मी हललो नाही
आणि दोन समुद्रांकडे निघालोय.
मी म्हटलं, उठा, ताप येईल.
आला. पाच दिवस.

तेवढी एकच रेघ त्यांना खरी वाटायची.
बाकीच्या, इकडे सरकार, पलीकडे फिरंगी,
चुन्याने मारलेल्या. एका पावसाच्या.

मेले कसे, तेही लिहायचंय?
घरात मेले. अंथरुणात, माझ्या देखत.
डोंगराने त्यांना काही केलं नाही,
हे मात्र नीट लिहा.

आणि ही शेवटची.
हिचं मला माहीत नाही.
भीमगडाकडची असेल, बारापेड्याच्या गुहेतली असेल,
काय की.
विचारलं होतं मी, दिवा मालवल्यावर.
म्हणाले, राहू दे.
आणि हसले, अंधारात कळतं तेवढं.
साहेबालाही सांगितली नसणार,
नाहीतर तुम्ही इथवर कशाला आला असता?

नकाशात घालू नका.
सोडवायला जाऊ नका, भिजलेल्या अंबाडीची गाठ
नखाला दाद देत नाही.

रोज पाणी ओढताना ती चाकात येते
आणि घागर मध्येच अडकते,
धड वर नाही, धड खाली नाही.
पाणी हिंदकळतं, मग स्वस्थ होतं.

मी तेवढं थांबते.
मग ओढते.